सुक्याबरोबर ओलं

'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण ज्याने कुणी केली, त्याने आषाढात चूल पेटवलेली नसावी. ओलं जळत नाही. ते धुमसतं, डोळे लाल करतं आणि सासू-सुनांना एकमेकींची जुनी उणीदुणी आठवून देतं. याला शास्त्रही आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. जाळ आधी ते पाणी उकळत बसतो; भाकरीची पाळी नंतर.

आमच्या आजीला हे शास्त्र पुस्तकाविना ठाऊक होतं. आमचं गाव चिखलीच्या बाजूला, घाटावर. (बुलढाणा जिल्ह्यातला माणूस एकतर घाटावरचा असतो, नाहीतर घाटाखालचा.) संक्रांतीच्या सुमाराला तुराट्या घरी यायच्या, कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या, आणि भर उन्हाळ्यात बाभळीचे ओंडके फोडून घेतले जायचे. मृगाच्या आत, म्हणजे सात जूनच्या आत, सगळं छपरीत रचून झालंच पाहिजे. खाली जाड लाकडं, वर फांद्या, कोपऱ्यात तुराट्या, पलीकडे गोवऱ्या. पुढे कॉमर्सला गेल्यावर पहिला ताळेबंद पाहिला, तेव्हा मला ती छपरीच आठवली. एक ढलपी इकडची तिकडे झाली तरी आजी ओरडायची, "कोनं हात लावला रे माह्या सरपनाले?" आम्ही पोरंच काय, शेजारच्या शेळ्याही पळायच्या.

हे वेड एकट्या आजीचं नव्हे. नॉर्वेच्या सार्वजनिक दूरदर्शनने २०१३ च्या फेब्रुवारीत सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. तक्रारी आल्या, पण लांबीबद्दल नव्हे. निम्म्यांचं म्हणणं, रचताना लाकडाची साल वर हवी होती, उरलेल्यांचं, खाली.

पण खरा प्रश्न सालीचा नाही, दाराचा आहे. कावळा-चिमणीची गोष्ट आठवा. शेणाचं घर वाहून गेलं, मेणाचं टिकलं, आणि भिजलेला कावळा दारात उभा. चिमणी आतून सांगते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, तीट लावते. आम्हां कारकुनांना ही चिमणी फार जवळची वाटते. 'साहेब जेवायला गेलेत' ही त्याच घराण्यातली विद्या. आता ज्याने वेळेवर तजवीज केली, त्याला पावसात दार लावून बसण्याचा हक्क आहे की नाही? हिशेबाने आहे. उन्हात घाम कुणी गाळला? दर वर्षी दार उघडलं, तर कावळा मेणाचं घर बांधेल कशाला? या युक्तिवादात मला आजवर चूक सापडलेली नाही.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आषाढात आठ दिवसांची झड लागली आणि आमच्या गल्लीतला एक म्हातारा गेला. धुऱ्याच्या भांडणावरून त्या घराशी आजीचं बोलणं बंद. म्हाताऱ्याने जन्मभर उद्याची फिकीर केली नव्हती. घरात सुकी काडी नाही. चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागतं आणि गावभर सगळं ओलं. त्याचा मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. बोलला काहीच नाही. आजी त्याच्याकडे बघून उठली आणि आत गेली. आम्हांला वाटलं, आटोपलं. तर छपरीचं कवाड वाजलं.

"पाह्यतं काय? गाडी आन. अन् बाभयीचं ने, पऱ्हाट्यानं मानूस जयत नाही."

त्यात साधुत्व काही नव्हतं. पुढचा दीड महिना आम्ही धूर खाल्ला आणि आजीने दर फुंकरीला त्या म्हाताऱ्याचा उद्धार केला. "जितेपनी फुकट्या अन् मेल्यावरबी फुकट्या!" तिला लागलेला खोकला दिवाळीपर्यंत गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मुलाने दोन गाड्या बाभूळ आणून टाकली. आजी एक ओंडका उचलून म्हणाली, "वली हाय." बोलणं बंदच राहिलं.

आता छपरीत मोटारसायकल असते. पऱ्हाटी तर साठवूच नका, असं कृषी खातं सांगतं. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. ती अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट बघते. म्हणजे आपल्या बेगमीत तिचीही बेगमी.

माझी बेगमी मुदत ठेवीत आहे. गेल्या पावसाळ्यात शाळेतला एक मित्र काउंटरवर आला. मुलगी दवाखान्यात होती, पैसे हवे होते. मागचे दोन हजार त्याच्याकडून यायचे होते, हेही खरं. मी म्हणालो, "अरे, सगळं एफडीत अडकलंय. मार्चशिवाय सुटत नाही." पैशाच्या बाबतीत बँकेतल्या माणसावर लोकांचा विश्वास असतो. "बरं बरं," म्हणून तो गेला. त्याच दिवशी, त्याच काउंटरवर, मी तिघांच्या ठेवी मुदतीआधी मोडून दिल्या. एक अर्ज, एक सही, व्याजात थोडी काट. दहा मिनिटांचं काम.

मुलगी बरी झाली. पैसे दुसऱ्या कुणीतरी दिले. परवा तो एसटी स्टँडवर भेटला. चहा त्यानेच पाजला आणि विचारलं, "सुटली का रे मार्चमध्ये तुझी एफडी?" आवाजात टोमणा असेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हता.

"सुटली," मी म्हणालो. त्याच दिवशी पुन्हा टाकली, हे नाही सांगितलं.