चिठ्ठीचा दोष कोणाचा?

आंबा घाटाकडील वाडीतून मनुष्य मलकापुरास दवाखान्यात येतो, तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. साधे पडसे असले तरी "डॉक्टरसाहेब, कडक गोळी द्या," असे तो विनवितो. पडसे विषाणूंपासून होते व प्रतिजैविक औषधे जिवाणूंवरच चालतात, हे डॉक्टर जाणतो; तरी चिठ्ठी लिहितो. तपासणीचा निकाल येईपर्यंत रोगी थांबणार नाही, रिकाम्या हाती पाठविला तर दुसरीकडे जाईल, आणि पुढे न्यूमोनियाच निघाला तर, अशी धास्तीही त्यास असते. यास दया म्हणावे काय?

अपुऱ्या मात्रेने जंतू औषधास दाद देईनासे होतात, असा इशारा पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता. २०१४ पासून आपल्या देशात अशा कित्येक औषधांच्या विक्रीत डॉक्टराचे व रोग्याचे नाव नोंदविणे दुकानदारास सक्तीचे आहे; परंतु चिठ्ठीच हाती असल्यावर नोंदवही काय करणार? आणि निबर झालेला जंतू गोळी खाणाऱ्याच्याच घरी राहत नाही. तो शेजारच्या बाळंतिणीपर्यंतही पोहोचू शकतो.

डॉक्टरास बोल लावणे सोपे आहे. बंधुजनहो, "आज औषध नको, तीन दिवसांनी या," असे मला एकाने सांगितले होते. मी त्याच्याकडे पुन्हा गेलो नाही, हे कबूल करणे प्राप्त आहे.