सूत, समवाय आणि बालकाचे ज्ञान

ज्ञान बाहेरून दिले जाते की ते ज्ञात्याच्या कृतीतून घडते, या जुन्या तत्त्वज्ञानात्मक प्रश्नाला वर्ध्यात शिक्षणाचे रूप मिळाले. ऑक्टोबर 1937 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतील, हस्तव्यवसायाभोवती गुंफलेल्या सात वर्षांच्या शिक्षणाचा पुरस्कार केला आणि पुढे वर्ध्याजवळचे सेवाग्राम हे ‘नई तालीम’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या शिक्षणपद्धतीचे केंद्र झाले. विनोबा भावे यांनी या पद्धतीसाठी ‘समवाय’ ही संज्ञा वापरली. न्याय-वैशेषिक दर्शनात समवाय म्हणजे एकमेकांपासून वेगळे न काढता येणाऱ्या पदार्थांचा नित्य संबंध, आणि त्याचे प्रसिद्ध उदाहरण तंतू व वस्त्र हेच आहे.

कृती आणि ज्ञान यांचे असेच नाते कातताना दिसते. टकळीवर कातणाऱ्या मुलाच्या हातातील पेळू जास्त ओढला गेला की धागा तुटतो. शेजारचे मूल तुटलेली टोके जुळवून पीळ कसा द्यायचा ते दाखवते, आणि ‘असे का झाले’ या प्रश्नातून पीळ व ताण यांचा संबंध दोघांनाही उमगू लागतो. येथे अनुभव आणि सहवास या ज्ञानाच्या दोन पायऱ्या नसून एकच क्रिया आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनीही आधी माणसामाणसांत घडणारे नंतर बालकाच्या मनात उतरते, असे मानले होते. मात्र मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा ही मूळ योजनेतील अपेक्षा या विचाराला बाधक होती, असेच म्हणावे लागते, कारण सुताचे वजन महत्त्वाचे ठरले की तुटलेल्या धाग्यापाशी थांबून विचार करायला मुलाला अवकाश उरत नाही.