घशातला खडा

कोसल देशातल्या काही भिक्खूंनी एकदा पावसाळ्यातला अख्खा मुक्काम, म्हणजे वर्षावास, मौनात काढला. बोललोच नाही तर भांडणार कशावरून, असा साधा हिशेब. विनयपिटकातली कथा सांगते, की बुद्धांना हे मुळीच रुचले नाही. गुरे एका गोठ्यात राहतात तसे राहिलात, असे सुनावून त्यांनी पवारणेचा विधी घालून दिला. वर्षावास संपला की प्रत्येकाने हात जोडून संघाला विनवायचे: माझा दोष कोणी पाहिला, ऐकला असेल, निदान शंका आली असेल, तर दयेने सांगा. आणि ही विनवणी सर्वांत आधी ज्येष्ठाने करायची. वैद्यकीय शिक्षणातल्या फीडबॅकचा विचार करताना मला हा क्रमच मोलाचा वाटतो. दोष दाखवण्याचा हक्क पदाबरोबर आपोआप येतो, असे आपण धरून चालतो. पवारणेत तो समोरच्याने बोलावल्यावर मिळतो.

वॉर्डातल्या राउंडला बोलावण्याची वाट कोण पाहतो? विद्यार्थी पोट तपासतो आहे, नजर स्वतःच्या बोटांवर. उजव्या कुशीत दाब पडताच रुग्ण बाईंचा चेहरा आक्रसला, ते त्याने पाहिलेच नाही. ‘एवढंही येत नाही आणि निघाले डॉक्टर व्हायला!’ शिक्षक कडाडतात, सगळ्या बॅचदेखत, त्या बाईंदेखत. यातून त्याला स्वतःची लायकी तेवढी कळते, पोट कसे तपासावे हे नाही. ‘दाबताना त्यांच्या तोंडाकडे बघ. आता पुन्हा कर,’ एवढे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये नाना क्षेत्रांतल्या फीडबॅकचे ६०७ परिणाम एकत्र तपासले. सरासरीने कामगिरी सुधारली होती, पण एक तृतीयांशाहून अधिक परिणामांत ती चक्क घसरली होती. लक्ष कामावरून उठून ‘मी’पाशी जाऊ लागले की फीडबॅकचा गुण ओसरतो, असे त्यांचे म्हणणे. ‘मी’ असे कायमचे काही नसतेच, हा अनात्मवाद सांगणाऱ्या बुद्धांना याचे नवल वाटले नसते.

यावर जुन्या मुशीतले शिक्षक म्हणतील, इथे माणूस दगावतो. गोड बोलत बसायला वेळ कुणाला आहे? प्रश्न रास्त आहे. चुकीचा डोस टोचला जात असेल तर हात धरावाच, निमंत्रण मागू नये. पण ते रुग्णाला वाचवणे झाले. शिकवणे त्यानंतर सुरू होते. शिवाय करुणा म्हणजे गुळमुळीतपणा, हे समीकरणही बुद्धांनी मानलेले नाही. अभय राजकुमाराला त्यांनी विचारले, तुझ्या मांडीवरच्या या तान्ह्या बाळाने खडा तोंडात घातला तर काय करशील? तो म्हणाला, रक्त आले तरी बोट घालून काढीन. खरे आणि हिताचे बोलणे कटू असले तरी वेळ पाहून बोलावे, हा त्या संवादाचा रोख. खडा काढायचा तर बोट खड्यापर्यंतच जावे. झापताना ते बऱ्याचदा पोराचा गळाच धरते.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. भिक्खू अहंकार सोडायला आलेला असतो, विद्यार्थी डिग्री घ्यायला. आणि इंटर्नलचे मार्क ज्याच्या हाती, त्याच्यापुढे तो आपली चूक स्वतःहून उघडी कशाला करील? वैद्यकीय शिक्षणातल्या फीडबॅकवर लिहिताना जॅक एंडे यांनी १९८३ मध्येच फीडबॅक आणि मूल्यमापन वेगळे ठेवायला सांगितले होते, पण एकच माणूस दोन्ही करतो तिथे कागदावरची फारकत पुरत नाही. म्हणून आधी ज्येष्ठाने. ‘काल या बाईंचं पोट मीही घाईत तपासलं, काय राहून गेलं ते सांगा,’ असे म्हणून शिक्षकाने थांबावे. पहिल्या दिवशी बहुधा कोणी तोंड उघडणार नाही.