नानकटाईचा घाणा

दिवाळीच्या तोंडावर रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि भट्टीतून आपली नानकटाई भाजून आणायची, अशी पद्धत आपल्याकडे कितीतरी गावांत होती. आता ओव्हन घरात आलाय. तरी नानकटाई एकट्याने करू नये. तूप-पिठीसाखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसायला दोघांचे हात लागतात. मैदा घातल्यावर मात्र फार मळायचं नाही, खुसखुशीतपणा जातो. हे सांगायला आजी हवी. गोळे वळून त्यावर पिस्त्याचा काप दाबणं पोरांकडे द्यावं. लहानमोठे होतील, होऊ द्या. ओव्हनमधून काढल्यावर नानकटाई मऊच असते, निवल्यावर खुटखुटीत होते. तोवर सगळे ताटाभोवती थांबतात, आणि गप्पा काय रंगतात! या रविवारी जरूर करून पाहा.