शिष्याची चूक कोणाच्या पदरी?

गुरूने शिष्याला किती स्वातंत्र्य द्यावे, हा प्रश्न शास्त्राध्ययनात फारसा बिकट नाही. पाठ चुकला, तर हानी शिष्याचीच होते, व ती दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. परंतु ज्या विद्येचा प्रयोग तिसऱ्याच जीवावर होतो, तेथे काय करावे? बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांची परीक्षा करणारे नवे मानसशास्त्रज्ञ तयार करणे, हे असेच कार्य आहे. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सक मानसशास्त्रज्ञांना नोंदणीचे बंधन घातले. पण शिकविणाऱ्याने कोठे बोलावे व कोठे थांबावे, हे कायदा कसे सांगणार?

तंजावरातील एका मराठी घरातले सहा वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणावे. घरची बोली मराठी, पण तीनशे वर्षांहून अधिक काळ तमिळच्या शेजारात वाढलेली, शाळा तमिळ, परीक्षक तरुण आणि परका. मूल गप्प बसते. परीक्षक बुद्ध्यंक मांडतो, आणि तो आकडा मुलाची पाठ सोडीत नाही. बिने यांच्या कसोटीचे कामत यांनी 1934 साली केलेले रूपांतर धारवाडकडील मराठी व कानडी मुलांसाठी होते. भाषा मराठी म्हणून ते तंजावरातही तसेच लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय केवळ आकड्यावरून निदान होतच नाही. मूल आपल्या हाताने जेवते काय, कपडे घालते काय, सांगितलेली वस्तू दुकानातून आणते काय, हेही पाहावे लागते.

गुरूला हे ठाऊक असते. त्याने ते लगेच सांगितले, तर शिष्य उतरवून घेईल आणि पुढच्या मुलापाशी पुन्हा अडखळेल. न सांगितले, तर शिष्याच्या शिक्षणाचे मोल ते मूल भरील. आणि त्याला तर तक्रारही करता येत नाही.

अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला विचारपूर्वक इच्छेस येईल ते करण्याची मोकळीक देतात. पुष्कळ जण एवढेच उचलतात. सांगणारा रथावरच बसला आहे व लगाम त्याच्या हाती आहेत, हे मात्र विसरतात. ‘सुपरव्हिजन’ला आपण देखरेख म्हणतो; अनुवादक या नात्याने मला सारथ्य हा शब्द अधिक जवळचा वाटतो. विचार शिष्याने करावा; अहवाल बाहेर जाऊ द्यावयाचा की नाही, हे गुरूने ठरवावे.

दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या (1798–1832) वेळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, तंजावरच्याच सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. वैद्याला काय दिसले, हे दुसऱ्याला त्यांवरून पडताळता येते. मनाचे चित्र काढता येत नाही. म्हणून शिष्याकडून आकड्याआधी हकिकत मागावी. मूल कोणत्या शब्दाशी थांबले? आईकडे वळून काय म्हणाले? ‘तुम्ही त्याला कोणत्या भाषेत विचारलेत?’ एवढे विचारून गुरूने गप्प राहावे. शिष्य पुन्हा त्या आईकडे जाईल. तोवर अहवाल सहीवाचून मेजावर पडून राहील.