विजोड कोण?

उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या मंडळ्यांतून लग्नांच्या सूचना वाचल्या जाऊ लागतात, आणि त्याच सुमारास एखाद्या घरी दार लावून रडणेही चाललेले असते. मुलाने किंवा मुलीने बाहेरचा जोडीदार निवडलेला असतो. मग पाळकसाहेबांना बोलावणे जाते. पाळकसाहेब गावी नसले तर माझ्यासारख्या उपदेशकाला. मी दीक्षित पाळक नव्हे. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा घेतलेला, आठवडाभर नोकरी करून रविवारी वचन सांगणारा साधा मनुष्य.

अशाच एका घरी सुमारे बारा वर्षांपूर्वी मी गेलो होतो. मुलगी नर्सिंग झालेली, संडे स्कूलमध्ये शिकवणारी. मुलगा हिंदू घरातला, सरळ व निर्व्यसनी. मी पवित्र शास्त्र उघडले, करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले सहाव्या अध्यायाचे चौदावे वचन वाचले आणि पुस्तक मिटले. मुलीने विचारले, "दादा, आणखी काही नाही का त्यात?" मी म्हणालो, "याहून काय पाहिजे?" तिने नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि त्यानंतर ती चर्चमध्ये आली नाही. त्या दिवशी मी जे पुस्तक मिटले, ते या लेखापुरते पुन्हा उघडीत आहे.

त्या वचनात लग्न हा शब्दच नाही. पौल तेथे मूर्तिपूजेतील भागीदारीविषयी बोलतो. पण जुवाचा दाखला अनुवादातील नियमशास्त्राची आठवण देतो (२२:१०): बैल आणि गाढव एका जुवाला जुंपू नये. आपल्याकडच्या शेतकऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. गाढव वाईट जनावर म्हणून ही मनाई नाही. दोघांची उंची वेगळी, चाल वेगळी. जू तिरपे होते आणि एकाची मान सोलून निघते. लग्नालाही हा दाखला लागू पडतो हे मी नाकारीत नाही. आणि लग्नाविषयी उघड शब्द हवा असेल तर तो पहिल्या पत्रात आहे (७:३९): विधवेने पुन्हा लग्न करावयाचे तर ते प्रभूमध्ये राहून करावे. विधवेला जे सांगितले ते कुमारीला लागू नाही असे कोण म्हणेल?

तेव्हा ज्याला अजून निवड करावयाची आहे अशा तरुणाला मी आजही नकोच म्हणेन. एका घरात दोन प्रकारचे जेवण चालते, दोन भाषाही चालतात. परंतु मूल तापाने फणफणले, रात्रीचे दोन वाजले, आणि आई गुडघे टेकते तेव्हा बाप बाहेरच्या खोलीत एकटा येरझारा घालतो. सासू मनात नवस बोलते. तिघांचेही प्रेम खरे, पण तिघेही आपापल्या जागी एकाकी. ज्या गोष्टीवर आपण जगतो आणि ज्या आशेने मरतो, तीच गोष्ट जोडीदाराशी बोलता येऊ नये, हे दुःख प्रेमाच्या पहिल्या वर्षात दिसत नाही.

परंतु हे म्हणताना आपल्या मंडळीकडे पाहिले की माझी जीभ अडखळते. बाप्तिस्म्याचा दाखला हातात आहे, पण वर्षातून नाताळ सोडून उपासनेला येत नाही, संध्याकाळी दारू पितो, बायकोवर हात टाकतो. असा मुलगा 'आपल्यातला' म्हणून आपण आनंदाने पसंत करतो. तेथे जू सरळ बसते काय? आणि स्थळ पाहताना 'कोणत्या मिशनचे? मूळचे कोण?' असे जे दबक्या आवाजात विचारले जाते, त्यात विश्वासाची चौकशी किती आणि जातीची किती, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. बाहेरच्या लग्नावर आपण जो संताप करतो तो पुष्कळदा येशूसाठी नसतो.

याहून मोठा दोष लग्नापुरत्या बाप्तिस्म्याचा. लग्न शनिवारी, बाप्तिस्मा गुरुवारी. बापाची लाज राहते, मंडळीच्या वहीत एक नाव वाढते, आणि ज्या मनुष्याने देवासमोर खोटे वचन दिले तो दुसऱ्या दिवसापासून आपल्याला कायमचा ओळखतो: हे लोक आपल्या सर्वांत पवित्र विधीला एवढीच किंमत देतात! मला प्रामाणिक हिंदू जावई परवडेल. देवाशी खोटे बोलून आलेला ख्रिस्ती जावई परवडणार नाही.

कित्येकांना वाटते की कायद्यासाठी असे करावेच लागते. तसे नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एकच पक्ष ख्रिस्ती असला तरी त्या कायद्याखाली विवाह लागू शकतो; मंडळीचे स्वतःचे नियम काय ते निराळे. शिवाय १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात विवाह अधिकाऱ्याला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, धर्म सोडावा लागत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८० साली नोंदणीने लग्न केले तेव्हाच्या कायद्यात वधूवरांना आपण ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे जाहीर करावे लागे. ती अट आज नाही. मध्य प्रदेशात आणि गुजरातेत लग्नासाठी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध २०२१ साली कायदे झाले. त्यांच्या हेतूविषयी आपली तक्रार असू शकते व माझीही आहे; पण लग्नापुरता बाप्तिस्मा आपण आपल्या शास्त्राला भिऊन आधीच बंद करावयास हवा होता.

आता लग्न होऊन गेल्यावर काय? एज्राच्या पुस्तकाच्या शेवटी (अध्याय १०) परक्या बायका व त्यांची मुले घालवून दिल्याची हकीकत आहे. ती वाचताना मला दरवेळी त्या मुलांचे काय झाले असा प्रश्न पडतो. शास्त्र ते सांगत नाही. त्याच शास्त्रात मवाबी रूथही आहे आणि मत्तयाने तिचे नाव प्रभूच्या वंशावळीत घेतले आहे. पौलापुढे हा प्रश्न आला तेव्हा तो एज्राच्या वाटेने गेला नाही. सोबती राहावयास राजी असेल तर त्याला टाकू नये, असे त्याने सांगितले (१ करिंथ ७:१२-१३). आणि पुढच्या चौदाव्या वचनात तो जे म्हणतो ते आपल्या देशात तरी नीट थांबून वाचावे.

विटाळ म्हणजे काय हे आपल्याला शिकवावे लागत नाही. आपल्या आजी-पणजींना त्याचे चटके बसले आहेत. विटाळाचा नियम असा की अशुद्ध वस्तू शुद्ध वस्तूला बाटवते. उलट कधीच होत नाही. सोवळ्यातल्या माणसाला ओवळा शिवला तर सोवळा बाटतो, ओवळा काही सोवळा होत नाही. पौल हे चाक उलटे फिरवतो. अविश्वासी नवरा विश्वासी पत्नीमुळे पवित्र झाला आहे, आणि मुले अशुद्ध नाहीत, पवित्र आहेत, असे तो म्हणतो. नवऱ्याचे तारण झालेच असा त्याचा अर्थ मी करीत नाही. पण त्या घराला आपण बाटलेले घर समजू नये एवढे तर नक्कीच. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला तेव्हा प्रभू अशुद्ध झाला नाही, कुष्ठरोगी शुद्ध झाला.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. काही वर्षे दोघे दूर राहिली. मग लक्ष्मीबाई आल्या त्या आपले सोवळे घेऊनच आल्या, चूल वेगळी ठेवून राहिल्या. टिळकांनी ते चालू दिले. बाटेल म्हणून भिणारी पत्नी आणि बाटवायची घाई नसलेला पती, असा तो संसार होता. १९०० साली लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने. स्मृतिचित्रे आपल्या बहुतेकांच्या घरी असते, पण ते या दृष्टीने आपण वाचतो का?

येथे कोणी तरुण म्हणेल, "मग मीही तिला जिंकून घेईन." थांब, बाबा. ऑगस्टीनची आई मोनिका हिचा पती शेवटी ख्रिस्ती झाला खरा. पण त्याआधी तिची कित्येक वर्षे त्याच्या तापट स्वभावाखाली गेली, आणि अशा कित्येक मोनिका असतील ज्यांचे पती कधीच आले नाहीत. तू पतीला तारशील हे तुला काय ठाऊक, असे पौल सोळाव्या वचनात विचारतो. तो प्रश्न आहे, हमी नव्हे. आणि तो लग्न झालेल्यांना विचारला आहे. जोडीदाराला सुवार्तेचे काम म्हणून घरी आणणे हा त्या जोडीदाराचाही अपमान आहे.

बारा वर्षांपूर्वी मुलीपुढे मी हे सर्व ठेवले असते तर तिने लग्न मोडले असते असे नाही. बहुधा केलेच असते. पण ती आपल्याच मंडळीतून जाते आहे आणि दार उघडे आहे, हे तिला कळले असते. मी तिला एक वचन दिले आणि बाकीचे पुस्तक लपवून ठेवले.

गेल्या महिन्यात तिचे पत्र आले. मला नव्हे, पाळकसाहेबांना. तिला सात वर्षांचा मुलगा आहे. त्याला संडे स्कूलला घेतील का, आणि पुढे त्याचा बाप्तिस्मा होऊ शकेल का, असे विचारले आहे. पत्राखाली नवऱ्याच्या अक्षरात दोन ओळी आहेत: माझी हरकत नाही, परंतु मुलाने मोठेपणी स्वतः ठरवावे असे मला वाटते. आमच्या कमिटीत यावर दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, आधी तिने मंडळीची माफी मागावी. दुसरा म्हणतो, बापाच्या मनाची वाट न पाहता बाप्तिस्मा उरकून घ्या. मला दोन्ही पटत नाहीत. मुलाला येत्या रविवारपासून वर्गात बसू द्यावे आणि बाप्तिस्म्याचे बापाशी बोलून, त्याच्या शब्दाचा मान राखून ठरवावे, असे मी बैठकीत मांडणार आहे.

बैठक शनिवारी आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्या घरी जाणार आहे. माफी कोणी मागावयाची ते मला ठाऊक आहे.