नाडीची गाठ

रिपोर्टांची फाइल थोडा वेळ बाजूला ठेवा. आई झोपली असेल तर आवाज न करता तिच्या पायाशी जाऊन बसा. तिचा श्वास ऐका. मोजू नका, नुसता ऐका.

आता काही महिने मागे जा. ती कधीतरी म्हणाली असेल, परकराची नाडी हल्ली सैल बांधावी लागते. अर्ध्या भाकरीतच पोट भरतं. गॅस झाला असेल. तुम्ही ओव्याची बरणी पुढे केलीत. अंडाशयाचा कर्करोग असाच येतो, पचनाच्या आणि वयाच्या तक्रारींत मिसळून. म्हणून बहुतेक जणींना तो तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर कळतो. ‘माझ्या कसं लक्षात आलं नाही’ हा काटा आत सलत असेल, तर इथे जरा थांबा. हा आजार लवकर शोधून जीव वाचतात का, हे पाहायला ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांची वर्षानुवर्षं रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी केली. 2021 साली निष्कर्ष आला: त्यानं या आजाराचे मृत्यू कमी झाले नाहीत. जे त्या तपासण्यांना जमलं नाही, ते ओव्याच्या बरणीपाशी तुम्हाला कुठून जमणार होतं?

हा काटा लगेच निघणार नाही. असू द्या. एक श्वास घ्या.

तिसरा टप्पा म्हणजे पेशी ओटीपोटाबाहेर, बहुधा पोटाच्या आतल्या पातळ अस्तरावर पसरल्या आहेत. चौथा म्हणजे त्याही पलीकडे, फुफ्फुसाभोवतीच्या पाण्यात किंवा यकृताच्या आत. पोटात पाणी होतं ते बहुतेक या अस्तरावरच्या पेशींमुळे. ते काढलं की ती दोन घास जास्त खाते, रात्री नीट पाठ टेकते. पाणी पुन्हा भरलं की सगळं वाया गेल्यासारखं वाटतं. पण ती झोप तिला मिळाली होती.

उपचार म्हणजे केमो: कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, बहुधा दर तीन आठवड्यांनी, साधारण सहा वेळा. ऑपरेशन त्याआधी किंवा मध्ये. पहिल्या खेपेला बहुतेकींचा आजार औषधाला दाद देतो. रक्तातल्या सीए 125 चा आकडा शेकड्यांवरून 35 च्या खाली येतो, घरात पेढे येतात. येऊ द्या. पुढचं वाक्य मात्र हळू वाचा. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावरचा आजार बहुतेकींच्या बाबतीत परत येतो. तो परतला की डॉक्टर शेवटच्या प्लॅटिनमनंतर, म्हणजे कार्बोप्लॅटिनसारख्या औषधानंतर, किती महिने गेले ते पाहतात. सहा महिन्यांहून जास्त गेले असतील, तर त्याच जातीचं औषध पुन्हा लागू पडण्याची आशा बरी असते. त्याआधीच परतला, तर कमी. पुढे ही अंतरं बहुधा आखडत जातात. बीआरसीए जनुकात दोष असेल, तर ओलापारिबसारख्या गोळ्यांनी काही जणींना वर्षं मिळाली आहेत. ही तपासणी राहिली असेल तर विचारा. तो दोष जन्मजात असेल, तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते.

डॉक्टर ‘साधारण इतके महिने’ म्हणतात, तो बहुधा मधला आकडा. निम्म्या जणी त्याआधी गेल्या, निम्म्या त्यानंतरही घरात वावरत होत्या. आई कोणत्या निम्म्यात, हे आज कुणालाच सांगता येत नाही.

आता घरातल्या कुजबुजीकडे या. ‘आईला कळू देऊ नका’, मामा म्हणाले, काकू म्हणाल्या. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर कोण कशासाठी बसलंय, ते तिला दिसतं. आपण तिच्यापासून लपवतो, ती आपल्यापासून लपवते, आणि बोलायचे दिवस निघून जातात. माझं ठाम मत आहे, तिला विचारावं: ‘आई, तुला किती जाणून घ्यायचंय?’ ती ‘नको’ म्हणाली तर तो तिचा शब्द. प्रश्न मनात एकदा म्हणून पाहा. आवाज कुठे अडखळतो?

पुढे आतडं अडू शकतं. उलट्या होतात, भूक मरते. तेव्हा बळेच भरवू नका. ओठ ओले करा. मॉर्फिनला भिऊ नका, ते वेदनेसाठी आहे, शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचं औषध नव्हे. पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना आत्ताच भेटा, उपचार चालू असतानाच.

ती जागी झाली असेल. पोट तटतटलंय म्हणेल. उठा, नाडी सैल करून द्या. बांधताना निरगाठ नको, सुरगाठ मारा. तिला तिच्या हातानं सोडता यायला हवी.